वाचकांचे प्रश्न : हस्तलिखित देण्याआधी प्रकाशक कसा पारखायचा?

या महिन्यातल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. पहिलं पुस्तक तयार आहे, मोठ्या संस्थांकडून उत्तर येत नाही, जवळपासचा लहान प्रकाशक तयार आहे. पण त्याच्यावर विसंबावं का? त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी कादंबरी सुमारे ४८ हजार शब्दांची आहे. कोल्हापुरातल्या एका लहान प्रकाशकांकडे दिली आणि चार दिवसांत होकार आला. त्यांच्या यादीत वीसेक पुस्तकं आहेत. आनंद झाला, पण मनात शंकाही आहे. काय काय तपासू?
– निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : चार दिवसांत ४८ हजार शब्द वाचून होतात, त्यामुळे केवळ होकार लवकर आला म्हणून संशय घेऊ नका. त्यांनी वाचलं आहे का, हे मात्र पाहा. भेटीत सरळ विचारा, ‘कुठला भाग कमी करावा असं वाटलं?’ वाचणाऱ्या प्रकाशकाकडे तक्रारी असतात : मधली दोन प्रकरणं रेंगाळतात, शेवट घाईत झालाय, एका पात्राचं नाव मध्येच बदललंय. ‘फारच छान, एक शब्द बदलू नका’ असं उत्तर आलं, तर संपादनाचा खर्च आणि कष्ट ते करणार नाहीत असं समजा.

त्यानंतर त्यांची पुस्तकं हातात घ्या. विकत घ्यायची गरज नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. तिथे किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात या प्रकाशकाची गेल्या तीन-चार वर्षांतली पुस्तकं मागा. एकही मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मिळालं तर आधी श्रेयपान उघडा. आवृत्तीची तारीख, मुद्रक, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठकाराचं नाव, आणि © या खुणेपुढे कोणाचं नाव आहे ते पाहा. प्रत्येक पुस्तकात © पुढे प्रकाशकाचंच नाव असेल, तर करारात काय मागितलं जाणार याचा अंदाज तिथेच येतो.

मुद्रितशोधन तपासायचं तर पहिली पानं सोडून द्या, कारण तिथे सगळेच डोळ्यांत तेल घालतात. पुस्तकाच्या मधली सलग दहा पानं वाचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, गळलेले अनुस्वार, उलट्या अवतरणचिन्हांचा गोंधळ, ओळीच्या सुरुवातीला एकटी पडलेली विरामचिन्हं, हे सगळं पुस्तकात पेन्सिलने खुणा न करता वेगळ्या कागदावर टिपा. दहा पानांत चार-पाच चुका म्हणजे सहन होण्यासारखं. प्रत्येक पानावर दोन-तीन असतील, तर एकाच वाचनात प्रूफ संपवलं आहे, किंवा ते लेखकाच्याच गळ्यात मारलं आहे. स्वतःच्या लेखनातल्या चुका लेखकाला दिसत नाहीत. दुसरा डोळा लागतोच.

मग बांधणी. पुस्तक मधोमध उघडून टेबलावर हलकं दाबा. नुसत्या डिंकाच्या बांधणीत पाठ नीट खरवडलेली नसली किंवा गोंद पातळ लावला असला, तर तिथेच कडकन आवाज येतो आणि वर्षभरात पानं सुटतात. कागदाचा धागा (त्यातल्या तंतूंची दिशा) पाठीला आडवा गेला असेल तर पानं ताठ राहतात, पुस्तक उघडं ठेवलं तरी आपोआप मिटतं. फर्मे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे) शिवून केलेली बांधणी महाग पडते, पण ग्रंथालयात पुस्तक टिकतं ते त्यामुळे. आतला समास दीडेक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला पुस्तक पिळावं लागतं. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द बसतात, म्हणजे तुमची कादंबरी १६० पानांची, १६ पानी फर्म्याने बरोबर दहा फर्मे. त्यांनी २२० पानं सांगितली तर अक्षर मोठं आणि ओळींतलं अंतर सैल करून किंमत वाढवायचा विचार दिसतो.

पुस्तक छापणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते विकणं. म्हणून पुढची चौकशी प्रकाशकाकडे न करता पुस्तकविक्रेत्याकडे करा. कोल्हापुरातल्या दोन-तीन दुकानांत जाऊन विचारा : या प्रकाशकाचं पुस्तक मागवलं तर किती दिवसांत येतं? बिलासकट येतं का? विक्रेत्याला किती टक्के सुटतात? माल रोखीने येतो की जांगडीवर? जांगड असणं वाईट नाही, लहान प्रकाशकांचा बराच माल तसाच जातो. पण त्यात दुकानाकडून पैसे पुस्तक विकल्यावर येतात, म्हणून लेखकाचा हिशेबही लांबतो. विक्रेत्याने ‘ते स्वतःच पिशवीतून पुस्तकं आणून ठेवतात, परत कधी येत नाहीत’ असं सांगितलं, की वितरण म्हणजे काय ते तुम्हाला कळलं.

काही प्रकाशकांची सगळी विक्री ग्रंथालयांना असते. त्यात गैर काही नाही. मात्र ग्रंथालयांना भरघोस सूट द्यावी लागते, म्हणून छापील किंमत आधीच चढी ठेवतात. दीडशे पानांचं पुस्तक साडेतीनशे रुपयांना दिसलं तर कारण बहुधा हेच असतं. अशा किमतीला दुकानातला वाचक हात लावत नाही. तुम्हाला वाचक कुठला हवा, ते ठरवा.

शेवटी लेखकांना फोन करा. नुकतंच पुस्तक आलेला लेखक खुशीत असतो, त्याचं मत सोडून द्या. तीन वर्षांपूर्वी पुस्तक आलेल्या दोघा-तिघांना तीनच प्रश्न विचारा : किती प्रती छापल्याचं लेखी कळवलं? वर्षाचा हिशेब न मागता आला का? पुढचं पुस्तक त्यांनाच द्याल का? वीस पुस्तकांच्या यादीत एखादा लेखक दुसऱ्या पुस्तकासाठी परत आलेला दिसला, तर सगळ्या चौकशीत ती खूण आम्ही सर्वांत वरची मानतो. वीस पुस्तकं, वीस लेखक आणि परत कोणीच नाही, अशी यादी असेल तर का, ते विचारा.

गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी वगैरे कागद फक्त व्यवसाय आहे एवढंच सांगतात. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे अनेक लहान प्रकाशकांकडे जीएसटी क्रमांक नसतो. त्यावरून संशय घेऊ नका. मात्र तुमच्याकडून ‘सेवाशुल्क अधिक जीएसटी’ मागत असतील, तर क्रमांक हवाच. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं.

प्रश्न : माझ्या १६० पानांच्या पुस्तकासाठी प्रकाशक ४५ हजार रुपये मागतात. ३०० प्रती छापणार, १०० मला देणार, २०० ते विकणार आणि विक्रीवर ३० टक्के रॉयल्टी देणार. किंमत २५० रुपये. इतकी रॉयल्टी तर मोठे प्रकाशकही देत नाहीत. घ्यावं का?
– यंत्रमाग व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : आकडा कशावर मोजला आहे ते पाहा. मराठीत १० ते १५ टक्के मानधनाची प्रथा आहे आणि ते सहसा छापील किमतीवर असतं. तुमचे ३० टक्के बहुधा ‘निव्वळ प्राप्ती’वर असतील. दुकानदार-वितरकाला सरासरी ४० टक्के सूट गेली, तर प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे १५० रुपये पडतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ४५ रुपये. सगळ्या २०० प्रती खपल्या तरी तुम्हाला ९ हजार. तुमच्या वाट्याच्या १०० प्रती तुम्ही ओळखीपाळखीत २०० रुपयांना विकल्या, तर २० हजार. एकूण २९ हजार, म्हणजे एकही प्रत न उरता १६ हजारांची खोट. प्रकाशकांना मात्र त्याच २०० प्रतींतून तुमची रॉयल्टी वजा जाता २१ हजार राहतात, आणि तो मालही तुमच्याच पैशांनी छापलेला!

पैसे देऊन पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. गावाचा इतिहास, एखाद्या संस्थेचा स्मरणग्रंथ, आजोबांच्या आठवणी असली पुस्तकं अशीच निघतात आणि निघावीत. वाईट आहे ते छपाईचा खर्च लेखकाकडून घेऊन नफ्याची वाटणी प्रकाशकासारखी करणं. ज्याचं घर लेखकाच्या पैशावर चालतं, त्याला पुस्तक छापून झालं की विकायची घाई उरत नाही. इचलकरंजीत सूत एकाचं आणि कापड विणून देणारा दुसरा, हा व्यवहार तुम्ही रोज करता. मजुरी घेतली की कापड सूतवाल्याचं. इथेही तसंच मागा : तिन्हीशे प्रती तुमच्या मालकीच्या, प्रकाशकाला विक्रीवर ठरलेलं कमिशन, न खपलेल्या प्रती तुमच्या ताब्यात.

त्याआधी खर्चाची फोड लेखी घ्या. अक्षरजुळणी पानामागे किती, मुद्रितशोधन किती वेळा आणि कोण करणार, मुखपृष्ठाचं मानधन, आतला कागद कोणता आणि किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा (कथा-कादंबरीला ७० जीएसएमचा फिकट पिवळसर कागद डोळ्यांना बरा), कव्हरला २५० की ३०० जीएसएमचं कार्ड, लॅमिनेशन चकचकीत की मॅट, बांधणी शिवलेली की नुसती चिकटवलेली. मग हीच फोड घेऊन शहरातल्या दोन छापखान्यांतून दर मागवा. छपाई ऑफसेटवर की डिजिटलवर, हेही विचारा. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच होतो, म्हणून थोड्या प्रतींना डिजिटल स्वस्त पडतं आणि प्रती वाढल्या की ऑफसेट. डिजिटलवर छापून ऑफसेटचा दर लावलेला आढळतो. तुमच्या ३०० प्रती नेमक्या त्या सीमेवर आहेत.

आणखी एक गोष्ट. ‘आम्ही पैसे घेत नाही, फक्त लेखकाने २०० प्रती ४० टक्के सुटीत घ्यायच्या’ असंही सांगितलं जातं. २५० च्या पुस्तकाला ते ३० हजार झाले. नाव वेगळं, खिसा तोच.

प्रश्न : करार दोनच पानांचा आहे. ‘पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असं लिहिलंय, मुदत लिहिलेली नाही. सही करू का?
– गृहिणी, कागल

उत्तर : या स्वरूपात नको. पण घाबरूही नका, कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत, म्हणजे पुस्तक काढलंच नाही, तर हस्तांतरण आपोआप संपतं. अर्थात करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. म्हणून करारात कुठे ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’ अशी ओळ दडली आहे का, ते भिंग घेऊन पाहा आणि असली तर खोडायला लावा.

‘सर्व हक्क’ या दोन शब्दांऐवजी ‘मराठी छापील आवृत्तीचे हक्क, पाच वर्षांसाठी’ असं लिहून घ्या. हस्तांतरण न करता परवाना दिला तर त्याहून चांगलं. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाट्य-चित्रपट रूपांतर हे प्रत्येक वेगळं आहे. प्रकाशकाकडे त्यातलं काही करायची सोय नसेल, तर हक्क कशाला हवेत हे त्यांनाच विचारा. आज व्यापारी वापरात नसलेल्या, उद्या निघणाऱ्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते हक्क जात नाहीत, असं कलम १८ सांगतं. तुमचं नाव लेखक म्हणून राहणं आणि मजकुराची मोडतोड न होणं हे तर हक्क विकल्यावरही तुमच्याकडे राहतं (कलम ५७).

आवृत्ती किती प्रतींची, हा आकडा करारात हवा. हल्ली मागणीनुसार पन्नास-पन्नास प्रती काढता येतात आणि प्रत्येक खेपेला ‘नवी आवृत्ती’ म्हणता येतं. त्यातला खरा धोका वेगळाच आहे. पूर्वी पुस्तक बाजारातून संपलं आणि प्रकाशकाने पुन्हा छापलं नाही, की हक्क लेखकाकडे परत यायचे. मागणीनुसार छपाईत पुस्तक कागदोपत्री कधी संपतच नाही, त्यामुळे हक्कही परत येत नाहीत. म्हणून ‘सलग बारा महिन्यांत ५० पेक्षा कमी प्रती खपल्या, तर लेखकाने लेखी कळवल्यावर ९० दिवसांत हक्क परत’ असं कलम घालून घ्या. आकडा तुम्ही दोघांनी ठरवा, पण आकडा असू द्या.

हिशेब ३१ मार्चअखेरचा, रक्कम ३० जूनपर्यंत, सोबत छापखान्याच्या बिलाची प्रत. छापलेल्या, विकलेल्या, भेट गेलेल्या आणि शिल्लक प्रती वेगवेगळ्या दाखवलेल्या हव्यात. वाद झाल्यास ‘फक्त अमुक शहरातील न्यायालय’ असं लिहिलेलं असतं. ते कोल्हापूर करून मागा. कॉपीराइटच्या उल्लंघनाचा दावा लेखक आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या न्यायालयात करू शकतो (कलम ६२), पण थकलेल्या मानधनाचा वाद हा कराराचा वाद आहे, तिथे ती सोय धरून चालू नका. सही करण्याआधी वकिलांना एकदा दाखवा. तासाभराचं काम आहे.

प्रश्न : प्रकाशक आयएसबीएनचे २ हजार रुपये वेगळे मागतात. आयएसबीएन मिळाला की कॉपीराइटही मिळतो, असं ते म्हणतात.
– तरुण लेखक, शाहूपुरी

उत्तर : दोन्ही चूक. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, आणि तो मोफत असतो. अर्ज भरायच्या श्रमाचे पैसे मागितले तर तसं म्हणावं, आयएसबीएनचे म्हणू नये. लेखकालाही स्वतःच्या नावे अर्ज करता येतो. ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा हा तेरा आकडी क्रमांक पुस्तकाची ओळख आहे. दर्जाची पावती नव्हे, मालकीचा पुरावाही नव्हे. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. तुम्ही विचाराल ते एवढंच, की क्रमांक कोणाच्या नावावर घेतला. तो तुमच्या नावावर असेल, तर कागदोपत्री प्रकाशक तुम्हीच.

जाता जाता, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वखर्चाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. ‘पाठवता का?’ हा प्रश्न विचारला की समोरच्याला धंद्याचे नियम कितपत ठाऊक आहेत, ते कळतं.

प्रश्न : कवितासंग्रहालाही हेच निकष लावायचे का?
– विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : कराराचे हो, पैशांचे नाही. पहिला कवितासंग्रह स्वतःच्या खर्चाने काढणारे प्रकाशक मोजकेच आहेत आणि त्यांची रांग मोठी असते. आधी कविता नियतकालिकांत, दिवाळी अंकांत येऊ द्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. त्यांची चालू वर्षाची जाहिरात आणि अटी पाहून अर्ज करा. प्रकाशकाने ‘अनुदान आम्ही मिळवून देतो, आत्ता तुम्ही भरा’ म्हटलं तर थांबा.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी पूर्ण हस्तलिखित दिलं. फोन केला की ‘वाचतोय’. दुसरीकडे द्यावं का? आणि कथानक कोणी उचललं तर?
– शेतकरी, राधानगरी

उत्तर : द्या, पण आधी पहिल्यांना लेखी कळवा : ‘अमुक तारखेला दिलेलं हस्तलिखित १५ दिवसांत निर्णय न आल्यास मागे घेतलं असं समजावं.’ फोनवर नको, ईमेल किंवा स्पीड पोस्ट. इथून पुढे कोणालाही आधी सगळं देऊ नका. एका पानाचं पत्र, दोन पानांत कथानक (शेवटासकट, शेवट लपवून प्रकाशकाची उत्कंठा वाढत नाही, चिडचिड वाढते) आणि पहिली ३०-४० पानं पुरतात. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर पुस्तकाचं नाव आणि तुमचं आडनाव. उत्तराची मुदत पत्रातच विचारा. तीन महिने रास्त. एकाच वेळी दोघांकडे दिलं असेल तर ते दोघांनाही सांगा. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात प्रकाशक एकमेकांच्या ओळखीचे असतात, गोष्ट लपत नाही.

चोरीची भीती असते त्याहून मोठी वाटते. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. तारखेसह गेलेली ईमेल हा चांगला पुरावा. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायची युक्ती सांगितली जाते, तिच्यावर विसंबू नका. फारच वाटलं तर कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करा. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

प्रश्न : माझं लेखन युनिकोडमध्ये आहे. प्रकाशकांचे डीटीपीवाले म्हणतात, आम्ही श्री-लिपीतच काम करतो. काही अडचण येईल का?
– बँक कर्मचारी, जयसिंगपूर

उत्तर : येते, आणि ती पुस्तक छापून आल्यावर दिसते. युनिकोडमधून श्री-लिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये मजकूर रूपांतरित करताना रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ फुटतात, ‘ॲ’ची चंद्रकोर हरवते, जोडाक्षरांत पाय मोडके उरतात, इंग्रजी आकडे भलतीच चिन्हं होऊन बसतात. म्हणून रूपांतरानंतरचं पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ओळ लावून वाचा, नुसतं अर्थ लावत वाचू नका. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘बँक’, ‘कॅमेरा’, ‘कर्तृत्व’, ‘हृदय’ असे दहा-पंधरा शब्द एका कागदावर लिहून दोन पानांचा नमुना आधी करून मागा. नमुना बिघडला तर सगळं पुस्तक बिघडणार.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या सध्याच्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट बसतं, फक्त परिच्छेदाला त्यातला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय लावावा लागतो. तो न लावल्याने अक्षरं तुटली की दोष युनिकोडवर जातो. छापायला जाणारी अंतिम पीडीएफ, मांडणीची खुली फाइल आणि दुरुस्त केलेला युनिकोड मजकूर या तिन्हींची प्रत तुम्हाला मिळेल, असं करारात लिहून घ्या. जुन्या फाँटमध्येच काम झालं असेल तर युनिकोड मजकुरात प्रुफातल्या दुरुस्त्या कोण उतरवणार, हेही तेव्हाच ठरवा. उद्या ई-बुक काढायचं झालं तर तोच मजकूर लागतो.